बी.एड. सोडलेली थोरली

धाकट्या बहिणीला पाहायला दिघोरीचे पाहुणे यायचे होते. आईनं सकाळीच मला बजावलं, "तू चूप राहजो. कोणी इचारलं त बी.एड. करून राहिली म्हण."

बी.एड. मी अर्ध्यातच सोडली होती. वर्गात वही उघडी असायची आणि डोकं भलतीकडेच. लहानपणापासून घरीदारी मी ‘धांदरट’. शेवटी नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हा आळस नव्हे, एडीएचडी आहे, लक्ष एका जागी न ठरण्याचा आजार. सानगडीला घरी येईपर्यंत मी बसमध्ये रडत होते, आणि हलकंही वाटत होतं. आईला गोळ्या चालल्या, नाव चालेना. "पोरीच्या जातीले असं चिकटलं का जनमभर सुटत नाही," म्हणाली.

त्याच वर्षी शेतातली पाण्याची मोटर जळली. बाबांबरोबर ती वाइंडिंगच्या दुकानात नेली आणि तिथं तांब्याच्या तारेचे वेढे पडताना बघत मी जेवणही विसरले. घरी एक काम धड पुरं न करणारी मी! पुढे तिथंच शिकले, तिथंच कामाला लागले. गावाला हे ठाऊक होतं, दिघोरीला नव्हतं.

पाहुणे आले. मी पोह्यांच्या बश्या मांडल्या, चमचे विसरले, पुन्हा आत पळाले. बसले तर पाय थांबेना. मुलाच्या आईनं विचारलं, "मोठी काय करते?"

"बी.एड.," आई म्हणाली.

बाई स्वतः शिक्षिका. "हो का? विषय कोणते घेतले?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. पढवलेलं उत्तर मला येत होतं, पण तोंडून निघालं भलतंच. "सोडली मी. मोटरीचं वाइंडिंग करते. मले एडीएचडी आहे."

आईनं हातातली बशी खाली ठेवली. विचार यायच्या आत बोलून जाणं ही माझी जुनीच खोड. आताही बोलले ते मी, की माझा आजार? हे न कळणंच मला सहन होईना. म्हणून मी पाय आवरला आणि तेच वाक्य पुन्हा, हळू, शब्द न् शब्द सांगितलं. पहिलं निसटलं होतं. दुसरं माझं होतं.

"औषधानं फरक पडते का?" बाईंनी विचारलं.

"थोडा."

आठवड्यानं त्यांचा होकार आला. आई माझ्याशी बोलतच नव्हती. मी सारखी स्वयंपाकघरात ये-जा करत राहिले, तेव्हा म्हणाली, "त्यायनं हो म्हटलं म्हणून तू बरोबर नाही ठरत."

बहिणीचं बोलणं जास्त लागलं. साड्यांच्या घड्या घालता घालता तिनं विचारलं, "सांगाचंच होतं त सांगतीस. माह्याच दिवशी काहून?"

 घडीची साडी मी उलगडली, परत घडी घातली, परत उलगडली. तिनं ती माझ्या हातून काढून घेतली. "जाय, दुकानात जाय," म्हणाली, आणि किंचित हसली. मी चपला घातल्या.