गाव पुकारणारे हॅलोकाका

हॅलोकाका माइक हातात घेतला की तीनदा "हॅलो" म्हणत आणि चौथ्यांदा खेळाडूचं गाव. नाव त्यानंतर. दर्यापूर तालुक्यातल्या कबड्डीच्या सामन्यांचं समालोचन त्यांनी तीस वर्षं असंच केलं. एरवी पंचायत समितीत कारकून. तिथे त्यांचा आवाज फायलींखाली दबलेला असे. मैदानावर मात्र तो चार वावरं ओलांडून जाई. माइकला घरचा धुतलेला रुमाल गुंडाळत. "आपल्या आंधी यात कोन थुकलं, मालूम नाई," हे त्यामागचं शास्त्र.

"नुसतं नाव पुकारनं म्हंजे जीप भरली, पन जाते कुठं हे सांगतलंच नाई," असं ते म्हणत. जीपचा दाखला उगाच नव्हता. मी त्यांच्याच गावचा. गावाहून अमरावतीला निघालो की ते मला दर्यापूरच्या स्टँडवर सोडायला येत आणि अख्ख्या जीपला ऐकू जाईल असं ओरडत, "आमच्या गावचा पोरगा हाये! अमरावतीत कंपनी हाये त्याची!" कंपनी म्हणजे मी, एक लॅपटॉप आणि भाड्याचा प्रोजेक्टर. मी लाजून बॅगेमागे तोंड लपवायचो. मनातून फुगायचोही.

ही कंपनी मोबाइल गेमच्या स्पर्धा भरवायची. पाच विरुद्ध पाच, गोळीबाराचा खेळ. क्रिकेटसारखा हाही बघायला लोक गर्दी करतील अशी माझी पक्की खात्री. पहिली स्पर्धा अमरावतीतल्या एका मंगल कार्यालयात. पडदा मी पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगला, त्यामुळे तीननंतर त्यावर फक्त ऊन दिसलं. प्रेक्षक अकरा. त्यांतले सहा दुसऱ्या दिवशीच्या लग्नाचे, तारीख चुकून आलेले. पुण्याहून आणलेला समालोचक इंग्रजीत किंचाळत होता आणि ते सहा जण जेवणाचं विचारत होते.

पुढच्या खेपेला मी हॅलोकाकांचे पाय धरले. ते पडद्याकडे बघत राहिले. "यात मानसं कुठं हायेत रे?" मग दोन दिवस खेळणाऱ्या पोरांना खेटून बसले, वही भरली आणि निकाल दिला, "हे तं कबड्डीच हाये लेका. दबा धरनं, डाव साधनं, मेला का बाहीर." पण पोरांनी घेतलेली टोपणनावं त्यांना पटली नाहीत. "हा 'किलर' कोनाचा कोन? किलर नावाचं गाव हाये का कुठं?" त्यांनी माझ्याकडून प्रत्येकाचं खरं नाव, बापाचं नाव आणि गाव लिहून मागितलं.

"हॅलो, हॅलो, हॅलो! सेमाडोहचा पोट्टा भिंतीआड बसला! दर्यापूरवाल्या, मांगं पाह्य, मांगं!" हॉल हसला, मग ओरडला, मग उभा राहिला. आपलं गाव पुकारतात म्हणून पुढच्या वर्षी बाप आले, मामा आले. कौंडण्यपूरचे एक आजोबा तर दर सामन्याला हजर. पडद्यावर नातू कोणता हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही; गाव ऐकलं की टोपी उडवायचे. बातमी खेळाच्या पानावर आली. याला 'मोबाइलचं व्यसन' म्हणणारे एक पुढारी उद्घाटनाला आले, आणि बॅनरवर मी त्यांच्या विरोधकाचा फोटो छापला. तेही खपून गेलं. लोकांना खेळ बघायची गोडी लागली होती, आणि ती लावली होती काकांनी.

माझ्या फजित्या मी चहासोबत वाटतो. पुढची कोणाला सांगितलेली नाही.

तिसऱ्या वर्षी आधीच्या फेऱ्या पोरं घरूनच खेळली; अंतिम फेरी अकोल्यात होती. राज्याच्या संघासाठी निवड करणारे दोघे पहिल्या रांगेत. खेळाडूंत एक मुलगी होती. अकोल्यात शिकायला राहिलेली, मुलाच्या टोपणनावाने खेळणारी. स्कूटीवरच्या पोरी बांधतात तसा तोंडाला स्कार्फ. नोंदणीच्या वेळी ती मला म्हणाली होती, "सर, माझं नाव-गाव सांगू नका. घरी माहीत नाही. निवड झाली की मीच सांगीन, तेव्हा ऐकतील." मी म्हणालो, "काळजीच करू नको."

सामन्याआधी काकांनी वहीवर बोट ठेवलं. "हे पोट्टी पोट्ट्याच्या नावानं कावून खेळून राहिली? घरी मालूम हाये ना?"

मला सगळं आठवत होतं. पण खेड्यातली मुलगी, भरलेला हॉल, समोर कॅमेरे... उद्याच्या बातमीत माझं नाव मला दिसत होतं.

"हो काका, हाये ना. पुकारा बिनधास्त."

शेवटच्या डावात ती एकटी उरली, समोर तिघं. तिने तिघांनाही टिपलं. हॅलोकाका खुर्चीवर चढले आणि आधी गाव पुकारलं, मग बापाचं नाव, मग तिचं. ते गाव मी इथे लिहीत नाही. एकदा पुकारलं तेवढं पुरे झालं.

निवडीच्या यादीत तिचं नाव पहिलं लागलं. चौथ्या दिवशी तिचे वडील माझ्या ऑफिसात उभे होते. आरडाओरडा नाही. "पुकारलं कोनं?" एवढंच विचारलं. हिशेबासाठी आलेले काका उठले, "मी." मी पाणी आणायला गेलो. ऑफिसात पाण्याचा जग टेबलावरच होता.

काका नंतर तीनदा त्यांच्या गावी गेले. तिसऱ्यांदा तिचे वडील ओट्यावरूनच म्हणाले, "तुमी गाव पुकारलं. आता गाव मले पुकारून राहिलं. जा तुमी." मुलीचं अकोला सुटलं, फोन कपाटात गेला. राज्याच्या संघात तिच्या जागी दुसराच कोणी खेळला. टीव्हीवर दाखवलं ते.

काकांनी माइक पुन्हा धरला नाही. आता मोठी स्टेडियमं भरतात आणि पडद्यावर खेळाडूच्या नावाआधी गाव येतं. ही कल्पना माझी, असं लोक समजतात. मीही समजू देतो.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या सत्काराचं निमंत्रण घेऊन गावी गेलो. काकांनी पत्रिका वाचली, घडी घालून परत दिली. "तवा तू हो म्हनलं होतं. ध्यानात हाये माह्या."

"मग सांगितलं का नाही कोणाला?"

"माइक माह्या हातात होता ना."

स्टँडपर्यंत ते आले, नेहमीसारखे. मी जीपमध्ये दाराशी बसलो. जीप भरेपर्यंत ते खाली उभे होते, तो धुतलेला रुमाल मानेवर टाकून. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. या वेळी मी बॅग पायाशी ठेवली होती.

जीप निघाली. ते काहीच ओरडले नाहीत.