विहिरीवरची मोटार

आरक्षणावरून करमाडजवळच्या आमच्या गावात दोन तट पडले, तेव्हा वडील जिल्हा परिषदेचे सदस्य होते आणि मी बाळंतपणासाठी माहेरी आले होते. आमची साठ एकर जमीन. खालच्या वस्तीच्या नळाला पाणी आमच्याच विहिरीतून जायचं, पण वस्ती दुसऱ्या तटाची. मारामाऱ्या झाल्या, डोकी फुटली. निवडणूक तोंडावर आली, तशी आमच्या बाजूची माणसं वडिलांना म्हणाली, "अण्णा, त्यांचं पाणी तोडा, नायतर आमची मतं विसरा."

दोन दिवस वडील जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं मोटार बंद केली.

दुपारी वस्तीतली आत्या आली. ती नात्यातली नव्हती, पण वडिलांना दर वर्षी राखी बांधायची. वडील घाईनं आतल्या खोलीत गेले. "घरी नाहीत म्हणून सांग," ते मला म्हणाले. मी सांगितलं.

"चपला तर दारातच हायत की गं पोरी," आत्या म्हणाली, आणि रिकामी घागर घेऊन उन्हात निघून गेली.

निवडणूक वडील जिंकले. गुलाल अंगावर असतानाच त्यांनी मोटार सुरू केली. वस्तीतलं कुणीच नळावर पाण्याला आलं नाही.