चौथं फडताळ

एंटर दाबण्याआधी तो हळूच "चला" म्हणायचा, जणू पलीकडे कुणी ताटकळत उभं आहे.

चहा निवल्याशिवाय प्यायचा नाही. सर्व्हरच्या खोलीबाहेर चपला काढायचा. तसा नियम कुठेच नव्हता. "कसे आहात?" असं विचारलं की यंत्रं कशी आहेत ते सांगायचा. संत्रं सोलायचा, फोडी सगळ्यांना वाटायचा आणि स्वतः साल हुंगत बसायचा. छापलेलं काहीही हाती आलं की शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, साबणाच्या वेष्टनासकट. काम झालं की "झालं" म्हणायचा नाही. "बसलं" म्हणायचा.

इस्पितळात सगळे त्याला कोठीवाले म्हणत. नाव त्याला शोभायचं, कारण तो खरोखरच कोठी सांभाळायचा. फक्त त्या कोठीत धान्य नव्हतं.

इस्पितळाचे सर्व्हर तळमजल्यावरच्या एका थंड, बंद खोलीत होते. रुग्णांची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून त्यांना इंटरनेट दिलेलंच नव्हतं. पण त्यांच्यावर चालणारे प्रोग्राम एकटे जगत नाहीत. त्यांना लायब्रऱ्या लागतात, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेली तयार कामाची पुडकी. एक आकडेमोड करतं, एक आलेख काढतं, एक आवाज मोजतं. त्यातलं एक मागवावं तर ते म्हणतं, माझ्याबरोबर अमका हवा. अमका म्हणतो, तमक्याशिवाय मी पाऊल टाकणार नाही. बघता बघता वऱ्हाड जमतं.

हे वऱ्हाड तो व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या एका मशीनवर उतरवून घ्यायचा. तेवढ्या एकाच मशीनला इंटरनेट होतं. त्याला तो वेस म्हणायचा. वेशीवर तपासणी करायची, पेनड्राइव्ह खिशात घालायचा, जिना उतरायचा आणि आतल्या सर्व्हरवर सगळं नीट लावून ठेवायचं. आत तीन फोल्डर होते. त्यांना तो फडताळं म्हणायचा. तीन अशासाठी, की ज्या भाषेत हे प्रोग्राम लिहिलेले होते तिच्या तीन आवृत्त्या तिथे एकाच वेळी नांदत होत्या. सर्वांत जुनी ती आजोबा, मधली ते बाबा, नवी ते बाळ. एकाचं पुडकं दुसऱ्याच्या अंगाला येत नाही. त्यामुळे प्रत्येकाचं फडताळ वेगळं.

आजोबांवर एकच महत्त्वाचा प्रोग्राम चालायचा. नवजात बाळांना ऐकू येतं की नाही, ते तपासणारा. आणि ती तपासणी करायच्या त्याच्या वहिनी.

थोरला भाऊ गेला तेव्हा वहिनी तिशीतल्या होत्या. घरात सासू आणि हा अविवाहित दीर. त्या रडून झाल्यावर उठल्या, श्रवणतपासणीचा अभ्यासक्रम केला आणि इस्पितळात लागल्या. बाळाच्या कानात रबराचं बोंड अलगद बसवायचं, आत एक बारीक आवाज सोडायचा आणि कानातून परत येणारा प्रतिध्वनी टिपायचा. बाळ झोपेत असताना हे करावं लागतं. वहिनींच्या हाताने बाळ कधी जागं झालं नाही. नर्सेस म्हणायच्या, हात आहे की पीस.

दुपारी इंटरकॉम वाजायचा.

"भावोजी, तुमचे आजोबा आज चालताहेत की रांगताहेत? बाळ उठून दूध पिऊन पुन्हा झोपलं, यांचा आकडा नाही अजून."

"वय झालंय हो त्यांचं. ओरडू नका, रुसतील."

"मीच रुसते. मग घरी जेवण तुमचं तुम्ही करा."

घरीही तेच चालायचं. त्याच्या आईला ऐकू कमी यायचं, पण जे ऐकू जाऊ नये ते बरोबर ऐकू जायचं. "कोणाचे आजोबा?" ती विचारायची. "आपले तर कधीच गेले."

त्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी वेळेआधी जन्मलेल्या बाळांचीही तपासणी सुरू केली. त्या विभागाच्या प्रमुख होत्या, बोलायला तोडून, कामाला पक्क्या. एवढ्याशा बाळांच्या कानातून येणारा प्रतिध्वनी फार क्षीण असतो. आवाज मोजणारी जुनी लायब्ररी असे क्षीण आवाज गिळून टाकते, हे तिच्या कर्त्यांनीच जाहीर केलं होतं आणि सुधारलेली प्रत काढली होती. ती आणायचं काम कोठीवाल्यांकडे आलं.

त्याने ती वेशीवर उतरवली. पण वेशीवरच्या मशीनवर आठवडाभरापूर्वी त्यानेच भाषेची नवी आवृत्ती चढवली होती. ते मशीन आपल्याच मापाचं पुडकं मागवतं. तेव्हा जे आलं ते 'बाळ' आवृत्तीच्या मापाचं होतं. त्याने ते आजोबांच्या फडताळात ठेवलं आणि आजोबांना सांगितलं, असेल ते घ्या आणि बसवा. आजोबांनी नवं पुडकं चाचपलं, अंगाला येईना म्हणून बाजूला सारलं, शेजारी पडलेलं जुनं उचललं आणि पडद्यावर लिहिलं, यशस्वी.

त्याने 'यशस्वी' हा शब्द वाचला. त्याच ओळीत पुढे कोणती प्रत बसली तिचा आकडा होता. तो वाचला नाही. जेवणाची वेळ झाली होती.

"बसलं," त्याने डॉक्टरीणबाईंना कळवलं.

मग संशयास्पद निकाल यायला लागले. लहानग्या बाळांचे कान चांगले असूनही पडद्यावर 'प्रतिसाद नाही' असं येई. आईबाप घाबरून पुन्हा येत, मोठ्या तपासणीत सगळं ठीक निघे. प्रोग्राम तर दुरुस्त झालेला होता. तसं कोठीवाल्यांनीच सांगितलं होतं आणि त्यांचा शब्द म्हणजे शिक्का. मग उरलं काय? बोंड बसवणारा हात. डॉक्टरीणबाईंनी त्या प्रत्येक बाळाच्या नोंदीत शेरा मारला, 'हाताळणीत दोष'. महिनाअखेरीस वहिनींना नोंदणीच्या खिडकीवर बसवलं. त्यांच्या जागी एक नवी मुलगी आली. तिचा हात बसेपर्यंत लहानग्यांची तपासणी थांबवली.

वहिनी रोज वेळेवर जायच्या. खिडकीवर नावं लिहून घ्यायच्या. घरी भांडी घासून झाली की ओला हात दिव्यासमोर धरून बघत राहायच्या. हलतोय का ते.

त्यानंतर थोड्या दिवसांनी तो आजोबांसाठी दुसरंच काही बसवायला गेला. जाता जाता त्याने सगळ्या लायब्रऱ्यांच्या प्रती विचारल्या. आवाज मोजणाऱ्या लायब्ररीपुढे जुना आकडा आला. त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा तोच.

 त्याने वेशीवर जाऊन आजोबांच्या मापाची प्रत स्वतः नाव घेऊन मागवली, आणली, बसवली. आकडा तपासला. या वेळी ओळ शेवटपर्यंत वाचली. संध्याकाळपर्यंत डॉक्टरीणबाईंना सांगू, असं त्याने ठरवलं. संध्याकाळी त्या एका मीटिंगमध्ये होत्या. दुसऱ्या दिवशी तो त्यांच्या दारापर्यंत गेला आणि परत आला.

पुढच्या आठवड्यात नव्या मुलीने लहानग्यांना घेतलं आणि निकाल लख्ख यायला लागले.

"बघा," डॉक्टरीणबाई व्हरांड्यात त्याला म्हणाल्या. "मला वाईट वाटत होतं हो, तुमच्या घरातल्या म्हणून. पण हातच होता शेवटी."

तो उभा राहिला. मान हलली. होकाराची होती की नुसतीच, ते त्यालाही कळलं नाही. आपण गुपचूप केलेली दुरुस्ती हाच वहिनींविरुद्धचा पुरावा झाला, हे मात्र त्याला कळलं. त्या क्षणी तोंड उघडायला हवं होतं. त्याने पेनड्राइव्हचं झाकण लावलं.

त्या रविवारी वहिनी त्याच्यासमोर येऊन बसल्या.

"भावोजी, तुम्ही खोटं बोलत नाही म्हणून तुम्हाला विचारते. खरंच माझा हात हलत असेल का हो?"

त्याने त्यांचा हात हातात घेतला. पुढे केला, बोटं सरळ केली. हात स्थिर होता. 

"थोडा थकलाय," तो म्हणाला. "होतं असं. विश्रांतीने बरं वाटेल."

वहिनींनी हात काढून घेतला आणि नुसतं "बरं" म्हटलं.

यानंतर त्याचं जेवण कमी झालं. आईला ते लगेच दिसलं. "कुणाचं काय खाल्लंयस?" ती म्हणाली. ती थट्टेने म्हणाली. तो ताटावरून उठला.

पुढे इस्पितळाने तपासणीचं यंत्रही बदललं. जुनं मोडीत गेलं. सगळं विसरायला अगदी सोयीचं होतं. एका सकाळी त्याने चहा ओतला, निवण्याची वाट न बघता तसाच प्यायला, जीभ भाजली आणि थेट डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेला. जाताना नोंदणीच्या खिडकीतून वहिनींना बोलावून घेतलं.

त्याने सगळं सांगितलं. चुकीच्या मापाचं पुडकं. न वाचलेला आकडा. गुपचूप केलेली दुरुस्ती. व्हरांड्यात हललेली मान.

डॉक्टरीणबाईंनी पेनचं टोपण लावलं. "कोठीवाले, हे तेव्हाच सांगितलं असतंत तर मी तुम्हाला एक शब्द बोलले नसते."

"हो."

"तुम्ही उद्यापासून तुमच्या खुर्चीवर या," त्या वहिनींना म्हणाल्या. "मी शेरे खोडते."

"खोडू नका," वहिनी म्हणाल्या. मग दिराकडे वळल्या. "चूक कुणाचीही होते. त्याचं मला काही नाही. तुम्ही माझा हात हातात घेतलात आणि थकलाय म्हणालात. ते का म्हणालात?"

तो खिशातला पेनड्राइव्ह चाचपत राहिला.

"आता मलाच कळत नाही. काही बाळांच्या वेळी तुमची लायब्ररी चुकली असेल, काहींच्या वेळी माझा हातही हलला असेल. कोण जाणे. मला नुसता तुमचा शब्द नको, भावोजी. तो मी घेऊन बघितला. त्या सगळ्या बाळांचे आवाज साठवलेले आहेत ना? पुन्हा मोजा. नव्या प्रतीने. काय निघेल ते निघू दे. मग मी बाळाच्या कानाला हात लावीन."

आवाज होते. पण जुन्या यंत्राने ते स्वतःच्या बंद पद्धतीने साठवले होते. तपासणीच्या वेळी ते यंत्रच आवाज उलगडून द्यायचं आणि ते आता भंगारात होतं. ते आवाज वाचू शकणारी एकच लायब्ररी त्याला सापडली. तिचे कर्ते केव्हाच दुसऱ्या उद्योगांना लागले होते आणि ती आजोबांनाही चालत नव्हती. भाषेची त्याहून जुनी आवृत्ती हवी होती.

त्याने कोठीत चौथं फडताळ केलं. त्याला पणजोबा नाव दिलं. नाव देताना या वेळी कुणी हसलं नाही. पणजोबांच्या मापाचं तयार असं काहीच मिळत नव्हतं. प्रत्येक पुडक्याचा कच्चा माल, म्हणजे मूळ लिहिलेला कोड, शोधायचा, वेशीवर आणायचा, आत नेऊन स्वतः बांधायचा. एक बांधलं की ते दुसऱ्याचं नाव सांगायचं. रोजचं काम संपलं की तो तिथेच असायचा. प्रत्येक ओळ शेवटपर्यंत वाचायचा. ओठ हलायचे.

घरी वहिनी त्याला वाढायच्या. "भावोजी" म्हणायच्या. आजोबांची चौकशी मात्र करायच्या नाहीत. एकदा त्याने आपणहून सांगितलं, "वऱ्हाड जमत आलंय." त्या म्हणाल्या, "जमू दे. मग सांगा."

तो गेला त्या सकाळी दाढी करत होता. छातीत कळ आली. त्याच्याच इस्पितळात नेलं. अर्ध्या गालाला साबण तसाच होता. वहिनींनी तो पदराने पुसला, आणि त्या वेळी त्यांचा हात हलत होता की नव्हता, हे बघायला कुणी गेलं नाही.

कोठीवाल्यांच्या जागी अजून माणूस आलेला नाही. श्रवणतपासणीच्या खुर्चीवर नवी मुलगीच बसते. डॉक्टरीणबाई वहिनींना अधूनमधून बोलावतात. वहिनी नोंदणीच्या खिडकीतून "बघू" म्हणतात आणि पुढचं नाव लिहून घेतात.

चौथ्या फडताळात आवाज मोजणारी सुधारलेली लायब्ररी आहे, पणजोबांच्या मापाने बांधलेली. तिला लागणारी सगळी मंडळी आहेत. आवाज उलगडणारी तेवढी नाही. तिचा कच्चा माल वेशीवरच्या मशीनवर उतरवून ठेवलेला आहे, तपासणी अर्धी झालेली आहे. ती पुरी करून तो आत न्यायचा आहे, बांधायचा आहे, आणि मग त्या बाळांचे आवाज एकेक करून लावायचे आहेत.