न दुखणारी सूज

आमच्या बंदरावर बोट चिघळलं, की बायका डॉक्टरआधी ओद्रुनकडे जायच्या. हिवाळाभर आम्ही समुद्राकाठच्या शेडमध्ये उभ्या राहून लांबलचक दोरीवरच्या गळांना आमिष लावायचो. गळ टोचणं रोजचंच, आणि त्यात मासळीचं पाणी गेलं की बोट पिकलंच म्हणून समजा. ओद्रुन ते बोट उलटसुलट बघायची, हिरव्या साबणाच्या कढत पाण्यात बुडवायला लावायची आणि वर ऐकवायची, "ठणकतंय ना? मग पू धरतोय. निघाला की सुटलीस."

तिचं बहुतेक वेळा बरोबर निघायचं, तिथंच घात झाला.

कॉड माशांच्या ऐन हंगामात तिचा डावा स्तन लाल झाला, सुजला. स्वेटरमधून गळ टोचला असेल, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं आणि साबणाच्या पाण्यातली गरम फडकी ठेवत राहिली.

"अगं, आरोग्य केंद्रात जा की," मी म्हटलं.

"हंगाम संपू दे, योर्दिस. तिथं दर वेळी नवा डॉक्टर. त्याला आधी गळ म्हणजे काय ते शिकवत बसू?"

मला रागच आला. पण ओद्रुनशी वाद घालून जिंकणारं माणूस आमच्या गावात अजून जन्मायचं होतं. तिचा नवरा आर्नुल्फ तर तिच्यापुढे ब्रही काढायचा नाही.

ईस्टर आला तरी लाली हटेना. कातडी जाड झाली, संत्र्याच्या सालीसारखे खड्डे पडले. तेव्हा कुठे ती केंद्रात गेली. डॉक्टर पोरगेलीच होती, पण शहाणी. तिनं जंतूंवरचं औषध दिलं, आणि तेवढ्यानं सूज उतरत नाही म्हटल्यावर लगेच शहरातल्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथं फोटो काढले, कातडीचा तुकडा तपासला. कर्करोग निघाला. या जातीत हाताला गाठ लागेलच असं नाही. तो कातडीखालच्या बारीक वाटा बुजवतो, म्हणून वरून जखम चिघळल्यासारखं दिसतं.

"ना ठणका, ना पू," ओद्रुन मला म्हणाली. "दुसरीचं बोट असतं तर मी तिला हाकलून दिलं असतं डॉक्टरकडे."

औषधं सुरू व्हायच्या आधी ती शेडमध्ये आली. पुरुषांना बाहेर घालवलं, दाराला कडी लावली आणि स्वेटर वर केला.

"हात लावून बघा. लाजताय कसल्या? आमिषाला हेरिंग मासे कापताना लाजता का? बघून ठेवा. असं काही दिसलं, नाहीतर गाठ लागली, तर साबण नको आणि ओद्रुनही नको. सरळ डॉक्टर."

सगळ्यांनी हात लावला. आस्लॉग एरवी प्रत्येक गोष्टीवर टोमणा मारणारी, तीही नीट हात लावून मागे सरली.

आधी औषधं झाली, केस गेले, सूज बरीच ओसरली. मग स्तन काढला. आता किरणं द्यायची होती, पण टाक्यांपाशीच जखम पिकली आणि अंगात ताप भरला. नर्सनं टाके उसवून पू काढला. जखम भरेपर्यंत किरणं थांबली. ओद्रुन मात्र खुशीत. "हे दुखणं माझ्या ओळखीचं," म्हणाली. मी बाहेर जाऊन रडले.

जखम छान भरली, किरणंही झाली. मग पाठ दुखायला लागली. या वेळी ती त्याच दिवशी डॉक्टरकडे गेली, पण रोग मणक्यात पोचला होता.

पुढच्या वर्षीच्या शरदात ती अंथरुणाला खिळली. मी रोज सूप घेऊन जायचे. एके दिवशी मीच तिला सांगितलं, की आस्लॉगला स्तनात वाटाण्याएवढी गाठ लागली, ती लगेच तपासायला गेली, आणि डॉक्टर म्हणतात वेळेवर आलीस, बरी होशील. मला वाटलं, ओद्रुनला बरं वाटेल.

"चांगलं झालं," ती म्हणाली. ते तिनं मनापासून म्हटलं, याची मला खात्री आहे. मग तिनं भिंतीकडे तोंड केलं. मी सूप ढवळत बसले. भिंतीकडूनच तिचा आवाज आला.

"मलाही जगायचं होतं गं, योर्दिस."