शेवटचा परिच्छेद मी वाचला नाही

सात वर्षं झाली, आणि यातलं एक अक्षर मी कुणापुढे काढलेलं नाही. नवऱ्यापुढे नाही, मुलीपुढे नाही. जिच्यापुढे काढायला हवं होतं ती आता नाही. शिकवणं हे माझं काम, त्यामुळे शब्द सापडले नाहीत असं मला म्हणता येणार नाही. शब्द होते. चार ओळी होत्या, छापलेल्या, माझ्या हातात.

वंदना माझी धाकटी जाऊ. आमचं गाव वडीगोद्रीच्या अलीकडे, हायवे सोडून थोडं आत. एक अंगण, समोरासमोर दोन घरं, मध्ये लिंबाचं झाड. मी अंबडच्या शाळेत मराठी शिकवते, रोज एसटीनं जाते-येते. दीर जालन्याला सळयांच्या कारखान्यात, आठवड्यातून एकदा घरी. वंदू चौथीपर्यंत शिकलेली. एसटीची पाटी वाचायची, सही करायची. त्यापुढचं काही आलं की अंगण ओलांडून माझ्याकडे यायची.

आमच्या घरात वाचण्याला मान आहे. भिंतीवर निळ्या कोटात ज्यांचा फोटो आहे त्यांच्यामुळे आहे. सासऱ्यांनी दुसऱ्यांच्या रानात राबून मुलं शिकवली, आणि थोरली सून आणली तीही एम. ए. झालेली. "आमच्या थोरलीनं वाचलं म्हंजी वाचलं," असं ते चारचौघांत सांगायचे. ते वाक्य वंदूनं उचललं. ते गेल्यावरही ती तसंच म्हणत राहिली, अगदी त्यांच्याच सुरात. हे आधी सांगते आहे, कारण पुढचं सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे.

वंदूकडे गावरान कोंबड्या होत्या. साठ-सत्तर असतील; सरत आल्या की आसपासच्या वाड्यांवरून विकत आणायची. रविवारी आणि बुधवारी सकाळी ती गिऱ्हाइकाला कोंबडी कापून, साफ करून द्यायची. घरामागं पत्र्याचा आडोसा, चुलीवर पाण्याचं मोठं पातेलं, पिसांसाठी खणलेला खड्डा. कोंबडीला ती पाय बांधून उलटी टांगायची नाही. छातीशी धरायची, डालग्याखालच्या बाकीच्यांना दिसू नये म्हणून पाठ फिरवायची. "भेलेल्या जिवाचं मटण कडक व्हतं," म्हणायची. ते खरं आहे की नाही मला माहीत नाही. तिला बहुतेक निराळंच काही म्हणायचं असावं, आणि गिऱ्हाइकाला पटेल असं कारण ती देत असावी.

रविवार हा माझा घरी असण्याचा एकच दिवस. मी खिडकीशी वह्या तपासत बसायची आणि तिच्या अंगणातला आवाज ऐकायची.

"वंदे, मागल्या रविवारची तंगडी लई वातड निघाली बघ."

"मंग दात नवे बसवा, मामा. कोंबडी बदलून मिळत न्हाई."

की हशा. माणसं कोंबडी घ्यायला यायची आणि तासभर बसायची. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, कुणाची म्हैस व्याली, सगळं तिच्या अंगणात. माझ्या घरात पुस्तकांची दोन कपाटं होती. त्यांच्यापाशी तासभर कोण बसलं? मला वाटायचं, लोकांना शिकलेल्या माणसाचा संकोच वाटतो. असं वाटून घेणं सोयीचं होतं.

आणि प्रज्ञा. माझी मुलगी. मी शाळेतून येईपर्यंत ती काकूकडेच असायची, तिथंच जेवायची, संध्याकाळी घरी यायची ती केसांत पीस अडकवून. माझ्या हातची भाजी तिला कधी आळणी लागायची, कधी खारट. नववीत असताना तिनं 'माझी आवडती व्यक्ती' हा निबंध लिहिला. मी विषय पाहिला, मनात थोडी सावरून बसले, आणि वाचायला घेतला. निबंध काकूवर होता. चांगला होता — हे मी शिक्षिका म्हणून सांगते. वंदू कोंबडीला छातीशी कशी धरते, ते त्यात होतं. मी लाल पेन घेतलं, वेलांट्या दुरुस्त केल्या, आणि वही परत दिली.

एखाद्या बाईचा हेवा करण्यासाठी ती आपल्याहून श्रीमंत हवी, देखणी हवी, असं तुम्हाला वाटतं का? वंदू माझ्याहून काळी, माझ्याहून गरीब, माझ्याहून कमी शिकलेली. तिच्याकडे जे होतं ते माझ्याकडे असायला हवं होतं, एवढंच मला दिसत होतं.

मग एका रविवारी वरच्या गल्लीतल्या पाटलीणबाई आल्या. मी लग्न होऊन आल्यापासून त्या आमच्या गल्लीत कधी फिरकल्या नव्हत्या. का फिरकल्या नव्हत्या, ते तुम्हाला सांगायला नको. त्यांच्या नातवाला डॉक्टरांनी गावरान कोंबडीचा रस्सा सांगितला होता. त्या वंदूच्या बाजेवर बसल्या, वंदूनं दिलेला चहा प्याल्या. बशी पुसून खाली ठेवली. जाताना माझ्या दाराशी थांबल्या आणि म्हणाल्या, "तुमी वंदाच्या जाऊ का?"

बावीस वर्षं मी या तालुक्यात शिकवते. त्यांच्या घरातली दोन मुलं माझ्या हाताखालून गेली. सासऱ्यांनी, माझ्या वडिलांनी आम्हाला एवढ्यासाठी शिकवलं होतं की कधीतरी ती गल्ली आमच्या दारात येईल. ती आली. आली ती शिकलेल्या सुनेच्या दारात नाही, चौथी झालेल्या सुनेच्या अंगणात, आणि तिथं चहा पिऊन गेली. मला आनंद व्हायला हवा होता. घराण्याला आनंद व्हावा अशीच ती गोष्ट होती. मी "हो" म्हणाले आणि दार लोटलं.

त्यानंतर पंधरा दिवसांत तो कागद आला.

हायवेवरच्या एका ढाबेवाल्यानं वंदूला विचारलं होतं — रोज दहा-बारा गावरान कोंबड्या साफ करून देशील का? पण सरकारी कागद पायजे, म्हणाला, उद्या कुणी तपासायला आलं तर मला दाखवता आला पायजे. वंदू स्वतः अंबडला गेली, या टेबलावरून त्या टेबलावर फिरली, आणि तीन पानांचं माहितीपत्रक घेऊन आली. "कुणाकडनं वाचून घ्या," असं तिथल्या माणसानं सांगितलं. कुणाकडनं म्हणजे कुणाकडनं, हा तिला प्रश्नच नव्हता.

दुपार होती. गिऱ्हाईक सरलं होतं. ती हात साबणानं दोनदा धुऊन आली, पदरानं पुसले, मग कागद दिला — भिजू नये म्हणून. माझ्या समोर जमिनीवर बसली. खुर्ची रिकामी होती तरी.

मी वाचायला लागले. वर्गात वाचते तसं, सावकाश, समजावून. कत्तलखान्याला परवाना लागतो. भिंतींना धुता येतील अशा फरशा हव्यात. सांडपाण्याला बंद नाली हवी. पाण्याची स्वतंत्र टाकी हवी. पक्षी कापण्याआधी आणि कापल्यावर सरकारी पशुवैद्यकानं तपासणी करायला हवी. हे नसेल तर दंड, माल जप्त. वंदू एकेक अट बोटावर धरत होती. फरशी. नाली. टाकी. डॉक्टर. तिचं बोट थांबलं की मी थांबायची.

तिसऱ्या पानाच्या तळाशी एक छोटा परिच्छेद होता. मी तो मनात वाचला. पुन्हा वाचला. वर लिहिलेलं काहीही, दिवसाला पन्नासपेक्षा कमी पक्षी कापणाऱ्या लहान व्यावसायिकाला लागू नव्हतं. त्याला परवाना नको, तपासणीची अट नको. एक साधा अर्ज, एक फोटो, नोंदणी, आणि स्वच्छता. वंदू आठवड्याच्या दोन दिवसांत मिळूनसुद्धा पन्नास कापत नव्हती. ढाब्याचे दहा-बारा धरले तरी ती कुठल्या कुठं आत होती. आणि स्वच्छता? ती तर आताच माझ्यासमोर हात धुऊन बसली होती.

मी तो परिच्छेद तोंडानं वाचला नाही.

बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले, की मी खोटं बोलले नाही, फक्त थांबले. पण ते तसं नाही. वंदूनं विचारलं होतं.

"अजून काय हाये का खाली, अक्का?"

"नाही," मी म्हणाले.

"बराबर वाचलं ना सगळं?"

"सगळं."

आणि कागदाची घडी घातली. घडी अशी घातली की तळ आत गेला. ते हातानं आपोआप केलं की मी केलं? मीच केलं.

तिनं धरलेली चार बोटं पुन्हा एकदा मोजली. मग उठून म्हणाली, "बरं झालं बाई वाचून घेतलं. न्हाईतर जेलात गेल्ते मी, कोंबड्यासंगं." आणि हसली. मीही हसले.

ढाबेवाल्याला तिनं नाही सांगितलं. रविवार-बुधवारचंही बंद केलं, दंडाच्या भीतीनं. लोक महिनाभर येत राहिले, मग हायवेवरच्या ब्रॉयलरच्या दुकानाकडे वळले. चार-पाच कोंबड्या अंड्यांपुरत्या ठेवून बाकीच्या तिनं व्यापाऱ्याला विकल्या. ती बियाण्यांच्या प्लॉटवर, कपाशीची फुलं खुडण्याच्या कामाला, रोजानं जायला लागली — सकाळी टेम्पोत बसायची, संध्याकाळी बोटं सुजवून यायची. रविवारी अंगण गप्प. मी खिडकीशी बसून वह्या तपासायची. मला बरं वाटत होतं का? हो. पहिले काही रविवार बरं वाटलं. हे लिहायला सगळ्यात जड जात आहे, म्हणून लिहिते.

प्रज्ञा मात्र काकूकडेच जात राहिली. तो हिशोब माझा चुकलाच होता.

मग एका संध्याकाळी टेम्पोतून उतरताना वंदूच्या डोक्यावर खोकं होतं. पांढऱ्या फरशांचं एक खोकं. तिनं ते लिंबाखाली ठेवलं, वर पोतं झाकलं, आणि मला हाक मारली. "अक्का, कागदातली पहिली अट. फरशी. हळूहळू करून राह्यले."

सांगायचं होतं तर तेव्हाच. एक वाक्य — वंदू, याची गरज नाही, खाली एक परिच्छेद आहे. चुकून राहिला, असंही म्हणता आलं असतं. तिनं तेही मानलं असतं. पण मग प्रज्ञा विचारेल, चुकून कसा राहिला? आई, तुझा अख्खा परिच्छेद राहतो कसा? मी "छान आहेत गं फरशा" म्हणाले आणि घरात गेले.

दुसऱ्या वर्षी आणखी दोन खोकी आली. तिसऱ्या वर्षी एक, मग आणखी एक. दर दिवाळीला ती पोतं काढून फरशा ओल्या फडक्यानं पुसायची. मी रोज शाळेला जाताना त्यांच्या शेजारून जायची.

मागच्या पावसाळ्यात तिच्या पोटात गाठ निघाली. त्याचा माझ्या त्या परिच्छेदाशी संबंध नाही, असं डॉक्टर म्हणतील, आणि ते बरोबर आहे. जालन्याच्या दवाखान्यात मी तिच्यापाशी बसायची. एकदा मी मोसंबी सोलत होते. ती म्हणाली, "फरशी झाली अक्का. आता नाली तेवढी. टाकीचं यांनी कबूल केलंय. डॉक्टर येईल ना मंग, एवढं सगळं केल्यावर?"

"येईल," मी म्हणाले. मोसंबीची फोड तिच्या तोंडात घातली. तेव्हा तर भ्यायलाही काही उरलं नव्हतं.

वंदू गेल्यावर, जलदानाच्या दिवशी अंगण भरलं. वरच्या गल्लीतून लोक आले. ढाबेवाला आला, त्याला मी पहिल्यांदा पाहिलं. शिकलेली म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी चांगली बोलले. बायका रडल्या. कुणीतरी म्हणालं, जावा न्हवत्या, सख्ख्या बहिणी होत्या. आणि त्या वेळी, माइक हातात असताना, मी माणसं मोजत होते — माझ्यासाठी एवढी येतील का? ती मातीत गेली होती आणि माझं मोजणं चालूच होतं.

नंतर तिची पेटी उघडली. साड्यांच्या तळाशी तो कागद होता, प्लास्टिकच्या पिशवीत, माझ्या घडीवर घडी घातलेला. पाठीमागं पेन्सिलीनं, तिच्या मोठ्या मोठ्या अक्षरांत चार शब्द — फरशी, नाली, टाकी, डॉक्टर. पहिल्यापुढे खूण. प्रज्ञानं हात पुढं केला. मी तिच्याआधी उचलला. "सरकारी कागद आहे, मी बघते," म्हणाले.

फरशा दिरांनी मला दिल्या. "वहिनी, पडून काय करायच्यात, तुमच्या स्वयंपाकघराला लावा. तिला बरं वाटंल." नाही म्हणायला काय कारण सांगणार होते? लावल्या. ओट्यामागं पूर्ण भिंत झाली. प्रज्ञा सुट्टीत आली तेव्हा त्यांच्यावरून हात फिरवत उभी राहिली. ती खूप वाचते. हेही वाचेल.

आज रविवार आहे. अंगणात कुणी नाही. मी ओट्यापाशी उभी राहिले, कागद उलगडला, आणि तिसऱ्या पानाच्या तळाचा तो परिच्छेद मोठ्यानं वाचला, पहिल्यांदा. सावकाश, वर्गात वाचते तसा. चार ओळी आहेत. अर्धं मिनिटही लागलं नाही.