रामटेकच्या छावणीतले चार पहारेकरी

फौजेत डुकरांबरोबर ड्यूटी केली असं सांगितलं की नागपूरच्या सक्करदऱ्यातले माझे शेजारी गालातल्या गालात हसतात. हसू देत. मी लष्कराच्या पशुवैद्यकीय शाखेत हवालदार होतो. घोडे, खेचरं, कुत्री, सगळ्यांच्या जखमा बांधल्या. पण सर्वांत मोठी ड्यूटी कोणती असं विचाराल, तर मी त्या चार पिल्लांचंच नाव घेईन.

रामटेकजवळ आमच्या इंजिनिअर कंपनीचा पूल बांधण्याचा कॅम्प लागला होता. भाद्रपद महिना होता. चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, पाण्याने तुडुंब भरलेल्या आणि दिवस मावळला की डासांचे थवे. अशा भागात जपानी मेंदूज्वराचा धोका असतो. त्याचा विषाणू डुकरांत भराभर वाढतो. डुक्कर सहसा आजारी दिसत नाही, पण त्याच्या रक्तात खूण उमटते. त्याला चावलेले डास मग माणसाला चावतात. म्हणून आमच्या मेजर साहेबांनी तंबूंपासून लांब, बांधाच्या कडेला चार पिल्लं ठेवली होती. दर आठवड्याला मी त्यांचं रक्त काढायचो आणि ते नागपूरला तपासायला जायचं. रक्तात खूण दिसली की समजायचं, शत्रू कुंपणापाशी आला.

पिल्लांची जबाबदारी लान्स नायक बिरू खरातकडे होती. बिरू माणदेशातला, मेंढपाळाच्या घरातला. त्याच्या कोरड्या मुलखात हा आजार कोणी पाहिलेला नव्हता. पिल्लं युनिटच्या स्ट्रेंथवर, म्हणजे पटावर, असल्यामुळे त्यांच्या कानात नंबर होते, आणि बिरू रोज सकाळी त्यांची रीतसर हजेरी घ्यायचा. कंपनी त्याला चिडवून बेजार करायची. रिपोर्ट साफ आला की तो छाती फुगवून फिरायचा.

"पुढचाबी साफच येणार बगा, हवालदार साहेब."

एका सकाळी मी पिल्लांसाठी कोंडा आणायला शेजारच्या गावात गेलो. ही पिल्लं आम्ही तिथल्याच शेवंताबाईकडून घेतली होती. ती कपाळाला हात लावून बसली होती.

"काय झालं, बाई?"

"आमच्या डुकरीले सारी मेलेली पिल्लं झाली, भाऊ. शेजारणीच्या डुकरीचंबी तसंच. काहून झालं असन गा?"

गाभण डुकरीला हाच विषाणू लागला, तर पिल्लं मेलेली जन्मतात. मग हाकेच्या अंतरावरची आमची पिल्लं साफ कशी?

त्या दिवशी सूर्य मावळताना मी न सांगता पिल्लांकडे गेलो. खोपटाला चारही बाजूंनी मच्छरदाणी बांधलेली, कडा दगडांखाली दाबलेल्या. आत पिल्लं गाढ झोपलेली. बिरू बाहेर घोंगडी घेऊन बसला होता. पहाटे तो मच्छरदाणी काढून ठेवायचा, म्हणून मला कधी दिसली नव्हती.

"हे काय आहे?"

"ऑर्डर हाय की, साहेब. दिवस बुडला की स्ट्रेंथवरच्या समद्यांनी मच्छरदाणीत."

"अरे, ही डास चावावेत म्हणूनच ठेवलीत!"

त्याला खरंच धक्का बसला. रिपोर्ट साफ ठेवणं हीच आपली ड्यूटी, असं तो समजून चालला होता.

"मच्छरदाणी कोणाची?"

"माजी. स्टोअरवाला डुकरांसाठी दीना."

"आणि तू?"

"मला काय हुतंय, साहेब?"

मी तसाच वायरलेसकडे धावलो आणि मेजर साहेबांना गाठलं.

"सर, गावातल्या डुकरिणींना मेलेली पिल्लं होतायत. आपल्या पिल्लांवर मच्छरदाणी होती. ओव्हर."

"मच्छरदाणी? से अगेन. ओव्हर."

मी पुन्हा सांगितलं. मग ऑर्डर आली, "गावातल्या डुकरांचे नमुने घ्या. रिपोर्टची वाट पाहू नका. कॅम्प हलवा. आउट."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कंपनी धानापासून लांब, मुरमाड माळावर पोहोचली. धूरफवारणी झाली. गावात आरोग्य खात्याची माणसं आली, पोरांना लस दिली. पुढे गावच्या डुकरांच्या रक्तात खूण सापडली, आणि मच्छरदाणी काढल्यावर आमच्या चौघांच्याही. पण कंपनीत दुसऱ्या कोणालाही हा ताप आला नाही. नवे जवान आजही मला विचारतात, तेव्हा मी बेधडक सांगतो. डुकरांकडे नीट लक्ष ठेवा, ती माणसाच्या आधी इशारा देतात. फक्त त्यांना उघडं राहू द्या.

बिरूला मात्र तंबू उखडतानाच ताप भरला होता. डोकं ठणकतंय म्हणाला. मान आखडली, मग झटके सुरू झाले. नागपूरच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी जिवाचं रान केलं. या आजाराला औषध नाही. तो शुद्धीवर आलाच नाही.

त्याला घेऊन मी माणदेशात गेलो. सलामी झाली, पांगापांग झाली. त्याच्या आईने मला बाजूला बोलावलं आणि पोरगं कशानं गेलं ते विचारलं. मी सगळं सरळ सांगितलं, मच्छरदाणीसकट. सांगताना मला रडू आवरलं नाही. ती रडली नाही. तिने पदराने तोंड पुसलं.

"पिल्लं हायती का?"

"आहेत, आई. चारही."

"आता कोन बगतंय त्यास्नी?"

"मीच बघतोय."

"मग हितं नगा थांबू, लेकरा. उपाशी असत्याल ती."