कौतिकाची गोष्ट

"ए, झाडू ठेव आणि भिंतीआड जा. साहेबांच्या नजरेला पडू नकोस."

मास्तर असं म्हनले. मी भिंतीआड उभी राह्यली. अमरावतीची शाळा. मी महाराची बाई. अंगण झाडाचं काम माहं, पन उंबऱ्याच्या आत पाय टाकाचा नाही.

साहेब तपासणीले आले. आत पोरं एका सुरात धडा म्हनू लागले. "एक तहानलेली मुलगी विहिरीवर आली. एका दयाळू बाईने तिला पाणी पाजले. मुलगी वाचली. दया हीच आपली रीत."

म्या भिंतीले कान लावला. ती गोष्ट माही होती.

मास्तर पुण्याकडचे. पोराइले शिकवाले गोष्टी जमवत. एक दिवस मले म्हनले, "तुमच्यात सांगतात तशी एखादी सांग." ते ओट्यावर, मी खाली मातीत. म्या सांगतली. एक पोरगी होती, म्हनलं. माही होती, हे तोंडातून निघालं नाही.

कौतिका. सात वर्साची. कापसाले सोन्याचा भाव आलता त्या साली. तेल्हाऱ्याहून अमरावतीले कापसाच्या गाड्या निघाल्या, आमी मायलेकी मागं पायी. चैताचं ऊन. वाटेत एका गावची विहीर लागली. आमाले शिवता येत नाही. दुरूनच हात जोडले. "पोरीले घोटभर पानी वाढा जी."

"थांब. आधी बैलं," एक गाडीवाला म्हनला.

बैलं पेले. गाड्या निघून गेल्या. आनखी मानसं आले, पानी भरून गेले. दुपार कलली, तवा तिचं डोकं माह्या मांडीवर जड झालं.

आत साहेब म्हनले, "शाब्बास."

मी उंबरा ओलांडला.

"मास्तर, तिले कोनंच पानी देल्लं नाही. मेली ती."

"अगं, गोष्ट आहे ती. मुलांवर संस्कार व्हायचे तर शेवट चांगला लागतो."

"माही पोरगी होती."

मास्तरनं दाराकडं बोट केलं. मंग म्हनले, "बाहेर हो. शाळा बाटवलीस."

पोरं माह्याकडं पाहून राह्यले होते. कौतिकाएवढेच.

काम गेलं. शाळा गोमूत्रानं धुतली म्हने. धडा तसाच राह्यला.

आता मी अकोल्यात कापसाच्या वखारीत सरकी काढते. बाया भोवती बसल्या का सांगते. कौतिकाचं नाव घेऊन सांगते. गाडीवाल्याइचे नावं घेते, त्या गावाचं घेते. एखादी डोळे पुसत म्हनते, "शेवट गोड कर वं माय. आयकवत नाही."

मी नाही करत. जीभ हालते तोवर, ती मेली असंच सांगीन.